पक्या, माझं भाषण ऐकलंस का?

प्रिय पक्या,

दीड वर्ष फोन नाही, मेसेज नाही आणि आता डायरेक्ट पत्र, तर आधी शिव्या घालून घे, मग पुढं वाच. इकडे सगळे बरे, माझी शुगर आहे तिथंच आहे.

पितृपक्षामुळे मूर्तींचा कारखाना थंड आहे, म्हणून लिहायला बसलो. मार्चमध्ये आपल्याकडे मूर्तिकारांची सभा झाली आणि त्यात मी स्टेजवर बोललो. मी! जो नववीत "आदरणीय व्यासपीठ" एवढं बोलून खाली उतरला होता तोच. तुला माहितीय, ३० जानेवारी २०२५ ला हायकोर्टानं प्लास्टर ऑफ पॅरिसच्या, म्हणजे पीओपीच्या मूर्तींवरची बंदी कडक पाळा म्हणून सांगितलं, तेव्हा माझ्याकडे कच्चा माल छतापर्यंत रचलेला, बँकेचा हप्ता डोक्यावर, आणि तिकडे मुंबईत चारकोपच्या मंडळाची माघी मूर्ती विसर्जनाविना अडकून पडलेली (ती शेवटी ऑगस्टमध्ये समुद्रात गेली). मला खरं तर पोटाबद्दल बोलायचं होतं. शाडू पावसात वाळता वाळत नाही, वजनाला जड, टेम्पोत एक सोंड गेली की मूर्ती गेली, माती आणायची ती पण गुजरातेतून. सगळं कागदावर लिहून नेलेलं. पण माझ्या आधी साहेब बोलले, "आपल्याच सणांच्या मागे का लागता?" म्हणाले, शिट्ट्या पडल्या, आणि माझा नंबर आला तेव्हा कागद खिशातच राहिला रे. मी ओरडलो, "पीओपी बंद करणं म्हणजे आमच्या धर्मावर घाला आहे!" काय टाळ्या पडल्या सांगू.

आता हसू नको. "जिप्सम कुठल्या पुराणात आलंय?" हे तू मला (पीओपी जिप्समपासूनच करतात म्हणून) २०२० मध्येच विचारलं होतंस, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं मे महिन्यात बंदी आणली आणि लगेच वर्षभर पुढं ढकलली तेव्हा. मी तुला "एसीत बसून नदी वाचवणारा" म्हणालो होतो. मागे घेत नाही, तुझ्याकडे एसी होता. आणि शाडू तरी कुठं विरघळतो, गाळ होऊन तळाशीच बसतो, हे माझं म्हणणं अजून कायम आहे. पुण्यात एनसीएलच्या, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या लोकांनी अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात पीओपी विरघळवायची पद्धत काढली ती तू मला रात्री दीड वाजता फोनवर समजावत होतास, आणि मी म्हटलं बाप्पाला अ‍ॅसिडिटी झालीय का. तिथंच तू फोन ठेवला होतास.

तर माझ्या त्या भाषणाचा व्हिडिओ फिरत फिरत अण्णांपर्यंत पोचला. दोनदा बघितला त्यांनी. मग एवढंच विचारलं, "गुरुजी प्रतिष्ठापनेला काय म्हणतात रे? कसला गणपती?" मी म्हटलं पार्थिव. "म्हणजे कशाचा?" मी चहा घेतला. तुला ठाऊकच आहे, गावभर प्लास्टरच्या मूर्ती विकून आमच्या घरात मात्र आजपर्यंत शाडूचाच बसलाय. हे आमच्या अख्ख्या आळीत कोण उघड बोलतं सांग.

पुढं ९ जूनला कोर्टानं मूर्ती करायला-विकायला परवानगी दिली, फक्त नदी-समुद्रात विसर्जन नको. जुलैमध्ये सरकारनं गणेशोत्सव राज्य महोत्सव म्हणून जाहीर केला, आणि २४ जुलैला ठरलं की सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावात, त्याहून उंच असतील त्या समुद्रात चालतील, पण ही सूट मार्च २०२६ पर्यंतच. म्हणजे छोट्या घरच्या गणपतीनं हौदात जायचं आणि ज्याच्या मागे मंडळ, वर्गणी, साहेबांचा बॅनर, त्यानं समुद्रात. आपल्या नाक्यावर "बाप्पाची परंपरा वाचवली" असा फ्लेक्स लागला, कोपऱ्यात माझा फोटो. डोळे मिटलेला. माल सगळा खपला रे, त्यामुळे धड लाजही वाटत नाही, आणि हे मी बायकोला नाही सांगू शकत, ती म्हणेल मग अडचण काय आहे.

अडचण ही आहे की यंदा अण्णांचा हात थरथरायला लागला. घरचा गणपती त्यांनी मळून, अंगानं उभा केला, पण सोंड जमेना. मग मी बसलो. वीस वर्षांत मी माती हातात धरली नव्हती, नुसते साचे. माझी सोंड दोनदा गळून पडली. अण्णा बघत होते, काही बोलले नाहीत, शेवटी आखणी केली तर डावा डोळा जरा वरच गेला. तसाच बसवला. दीड दिवस तो माझ्याकडेच बघत होता.

तुझं काय? नवी नोकरी जमली का, पोरगी दहावीला ना यंदा? मावशींना नमस्कार सांग, बाकी भेटल्यावर.

अण्णा हल्ली रोज सकाळी उरलेली माती भिजवून मळत बसतात. करत काही नाहीत. मला त्यांना विचारायचंय की पुढच्या वर्षी शाडूचे किती करू, पण विचारलं की ते आकडा सांगतील, म्हणून टाळतोय. तू दिवाळीत ये आणि तूच विचार. तुला ते कमी सांगतील.

तुझाच,
दिल्या