पहिल्या तासाला कोरे फॉर्म वाट

प्रिय अविनाश,

तुझं पत्र पोचलं. एमपीएचच्या (सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर) वर्गाचा ‘प्रजनन आरोग्य आणि हक्क’ हा विषय शेवटी तुझ्या गळ्यात पडला तर! वर्गात एमबीबीएस, बीएएमएस, डेंटल, नर्सिंग, समाजकार्य असे सगळ्या घाटांचं पाणी प्यायलेले तीसेक जण असणार. डॉक्टर मंडळींना वाटेल हे आपण शिकून बसलोय, आणि समाजकार्यवाल्यांना वाटेल डॉक्टरांना काही कळत नाही. दोघांना एकदम जमिनीवर आणायचं असेल तर माझं म्हणणं एकच आहे: सुरुवात कागदापासून कर. अभ्यासक्रमात ‘हक्क’ हा शेवटचा घटक असतो. तिथपर्यंत पोचेस्तोवर परीक्षा येते आणि हक्क म्हणजे लोकसंख्येवरची कैरो परिषद १९९४, एवढी टीप लिहून मुलं मोकळी होतात. दवाखान्यात बाईचा हक्क कुठे असतो? संमतीपत्रावर, रजिस्टरच्या रकान्यात, नर्सबाईला दिलेल्या उद्दिष्टाच्या तक्त्यात.

म्हणून पहिल्या तासाला भाषण नको. गर्भपात कायद्याचा फॉर्म सी, म्हणजे बाईचं संमतीपत्र, दोघांत एक असं वाट. पाच मिनिटं वाचू दे. मग विचार, नवऱ्याच्या सहीची जागा कुठे आहे? बरेच जण शोधत बसतील. ती नाहीच. १९७१ च्या कायद्यापासून नाही. अठरा पूर्ण झालेल्या बाईची एकटीची संमती पुरते; पालकाची लागते ती अल्पवयीन किंवा मानसिक आजार असलेल्या बाईसाठी. तरीही नवऱ्याला सहीसाठी बोलावलं जातं. का, ते वर्गाकडूनच काढून घे. उद्या नवरा भांडायला येईल ही डॉक्टरची भीती, हॉस्पिटलच्या सर्वसाधारण संमतीपत्रावरचा ‘नातेवाइकाची सही’ हा छापील रकाना, आणि निव्वळ सवय. यातल्या एकाही कारणावर नवा कायदा हा उपाय नाही, हे मुलांच्या लक्षात आलं की अर्धं काम झालं.

त्याच तासाला रजिस्टरचा नियमही सांग, कारण तो डॉक्टरांनाही माहीत नसतो. भरती झालेल्या बाईचं नाव फक्त गर्भपाताच्या दाखल-रजिस्टरमध्ये लिहायचं. केसपेपरवर, ऑपरेशन थिएटरच्या वहीत, पुढच्या तपासणीच्या कार्डावर नाव नाही, फक्त त्या रजिस्टरमधला अनुक्रमांक. संमतीपत्र आणि डॉक्टरचं मत लिफाफ्यात घालून सीलबंद, वर ‘गुप्त’ असा शेरा. शेवटच्या नोंदीनंतर पाच वर्षांनी रजिस्टर नष्ट करायचं. २०२१ च्या दुरुस्तीने तर नाव फोडणं हा शिक्षापात्र गुन्हा केला. आता मुलांना एक कल्पित तालुका दवाखाना दे आणि विचार, बाई दारातून आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत तिचं नाव किती ठिकाणी लिहिलं गेलं? केसपेपरची खिडकी, लॅब, सोनोग्राफी, औषधाची वही, वर मोठ्याने नाव पुकारणारा शिपाई. फळ्यावर यादी वाढत जाते आणि गोपनीयता शिकवण्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

आठवड्यांचा हिशोब नीट करून घे, इथे हमखास घोळ होतो. आठवडे मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, संबंधाच्या दिवसापासून नाही. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत. वीस ते चोवीस आठवड्यांत दोघांचं, तेही नियमांत दिलेल्या गटांसाठी: बलात्कार किंवा जवळच्या नात्यातला अत्याचार, अल्पवयीन मुली, गरोदरपणात विधवा झालेल्या वा घटस्फोट झालेल्या, अपंगत्व, मानसिक आजार, गर्भातली विकृती, आपत्ती. चोवीसच्या पुढे गर्भात गंभीर विकृती असेल तर वैद्यकीय मंडळ. गर्भनिरोधक निकामी ठरण्याच्या कलमात आधी ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ असे शब्द होते, २०२१ साली ते ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ झाले. आणि २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने चोवीस आठवड्यांची सवलत अविवाहित स्त्रियांनाही लागू केली, शिवाय या कायद्यापुरता नवऱ्याने केलेला बलात्कारही बलात्कारात धरला. पण एक गोष्ट झाकू नकोस. इतकं सगळं होऊनही कायद्याच्या भाषेत निर्णय डॉक्टरच्या ‘मता’वरच उभा आहे. बाई मागते म्हणून, असं कारण फॉर्मवर नाही. हे मुलांनी स्वतः फॉर्म चाळून शोधलं पाहिजे.

दुसरा घोळ याहून महागात पडतो. गर्भपाताचा कायदा वेगळा आणि गर्भलिंगनिदान रोखणारा १९९४ चा कायदा वेगळा. पहिल्यात गर्भपात कायदेशीर कधी ते आहे, दुसऱ्यात लिंग शोधणं आणि सांगणं हा गुन्हा आहे. पहिल्याचा फॉर्म सी, दुसऱ्याचा फॉर्म एफ, म्हणजे गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद. दोन्ही शेजारी ठेवून दाखव. महाराष्ट्राने तर १९८८ सालीच लिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला, आणि तरीही २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, बीडमध्ये ८०७. त्यामुळे मोहीम निघते ती रास्तच. पण तिच्या धडाक्यात औषध दुकानदार गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच बंद करतात, आणि ‘गर्भपात बेकायदा आहे’ असं भिंतीवर रंगवलं जातं. नऊ आठवड्यांच्या आत गोळ्यांनी सुटली असती ती बाई मग चौदाव्या आठवड्यात कुठेतरी जाते. लिंगनिदान साधारण बाराव्या आठवड्यानंतरच्या सोनोग्राफीचं काम, त्याआधीच्या गोळ्यांवर बंदी घालून मुली वाचत नाहीत, हा तर्क मुलांना स्वतः मांडता आला पाहिजे.

इतिहास एका तासात उरक. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तिथून १९५२ चा सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम, तिथून आणीबाणी. १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. आपल्या राज्यातली ही गोष्ट मुलांना बहुधा ठाऊक नसते, ती सांगच. १९९६ पासून कुटुंबनियोजनाची उद्दिष्टं कागदावरून गेली, ‘अपेक्षित साध्य पातळी’ या नावाने परत आली. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळच्या नसबंदी शिबिरात एका सर्जनने काही तासांत ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया केल्या आणि १३ जणी गेल्या. एका पथकाने दिवसाला ३० च्या वर शस्त्रक्रिया करू नयेत हा नियम त्याआधीच होता. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. इथे वर्गाला फक्त एक प्रश्न टाक: नियम माहीत असताना ८३ कशा झाल्या? एकट्या सर्जनला फाशी देऊन वर्ग मोकळा होऊ पाहील. होऊ देऊ नकोस. बायका कोणी आणल्या, किती आणायला सांगितलं होतं, प्रत्येक बाईमागे कोणाला किती पैसे, असं मागे मागे जायला लाव.

समुपदेशनाचा सराव मात्र भरपूर वेळ देऊन घे. तिघांचा गट कर: नर्सबाई, बाई आणि बघणारा. बाई सव्वीस वर्षांची, दोन मुली, पाळणा लांबवायचाय पण ‘तांबी (कॉपर-टी) नको’ म्हणते. नर्स होणाऱ्याला, इतरांना न दाखवता, चिठ्ठी दे: ‘या महिन्याच्या पाच तांब्या बाकी आहेत, आज मीटिंग आहे.’ अर्ध्या गटांना चिठ्ठी कोरी दे. वीस मिनिटं. बघणाऱ्याने मत द्यायचं नाही, मोजायचं: माहिती सुरू करण्याआधी किती प्रश्न विचारले, बाई किती वेळ बोलली, ‘नाही’ म्हटल्यावर किती वेळा पुन्हा तोच विषय काढला, सासूला बाहेर बसायला सांगितलं का. मग चिठ्ठ्या उघड. दडपण म्हणजे दमदाटीच असते असं नाही, गोड बोलूनही बाईला ढकलता येतं, हे आकड्यांत दिसतं.

सरावाला खरा मजकूर हवा, म्हणून अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन घे. १५० मिलिग्रॅम, दर तीन महिन्यांनी, दंडात. टोचल्यावर जागा चोळायची नाही, नाहीतर औषध लवकर शोषलं जातं. तारखेच्या दोन आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत चालतं. पण सगळ्यात महत्त्वाचं: पाळी बिघडते. सुरुवातीला डाग पडतात, मध्येच जास्त जातं, पुढे पाळी थांबतेही. थांबवल्यावर दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून सात ते दहा महिने लागू शकतात. हे आधी सांगितलं नाही तर बाई दुसऱ्या डोसला येत नाही, आणि रजिस्टरमध्ये शेरा पडतो ‘लाभार्थी अनुत्सुक’. छाया या गर्भनिरोधक गोळीचंही तसंच. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. रोजच्या माला-एनच्या सवयीने घोळ होतो, म्हणून वार ठरवून कॅलेंडरवर खूण करायला सांगायचं. पुरुष नसबंदीनंतर तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासायचं, हे सांगायला विसरणारे डॉक्टर कमी नाहीत. देशात स्त्रीनसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुषनसबंदी ०.३ टक्के, हे एनएफएचएस-५ चे (पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे) आकडे नुसते फळ्यावर लिही. टिपणी नको.

आता बीड. यावर दोन पूर्ण सत्रं दे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्याची समिती नेमली गेली. वर्गात लगेच दोन तट पडतील: डॉक्टर लुटारू, किंवा बायका अडाणी. दोन्ही खोडून काढायचे तर साखळी मांडावी लागते. नवराबायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस कामाला नाही गेलं की खाडा, त्याचे पैसे कापले जाणार. फडाजवळच्या कोप्यांना (झोपड्यांना) ना संडास ना पाणी, पाळीत कापड बदलायला आडोसा नाही. लहान वयात लग्न, लवकर बाळंतपणं, विशीच्या अलीकडे-पलीकडे नसबंदी. अंगावरून पांढरं जातं, पोटात दुखतं. सरकारी दवाखाना दूर, खासगीत सोनोग्राफी, आणि ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल’. पिशवी काढली की पाळी गेली, खाडा गेला. प्रत्येक पायरीवर बाईने ‘हो’च म्हटलेलं आहे. संमतीपत्रही भरलेलं. मग हक्क कुठे मोडला? यावर वर्गाला भांडू दे.

जोडीला गडचिरोलीचा अभ्यास घे. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, १९८९ साली तो प्रसिद्ध झाला. ९२ टक्के जणींना स्त्रीरोगापैकी काही ना काही होतं, आणि आधी कधी तशी तपासणी झालेल्या दहांत एकही नव्हती. म्हणजे पांढरं जाण्याची तक्रार खरीच असते. तिच्यावर उपाय बहुतेकदा औषधाचा, कात्रीचा नाही. बीडमध्ये नंतर पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. हे संरक्षण की बाईच्या निर्णयावर आणखी एक साहेब? माझ्या मते खाड्याची पद्धत तशीच ठेवून लावलेली परवानगी म्हणजे थंडीतापाला थर्मामीटर. तुझं मत वेगळं असेल, तेही वर्गात सांग.

आकड्यांचा एक तास ठेवशील ना? माता मृत्यूचं गुणोत्तर महाराष्ट्रात २०१८-२० ला ३३, दर लाख जिवंत जन्मांमागे. दोन लाख लोकसंख्येचा तालुका, जन्मदर हजारी १५, म्हणजे वर्षाला ३००० जन्म. गणित करायला लाव, अपेक्षित मृत्यू येतो एक. मग तालुका अधिकाऱ्याला ‘तुमचं गुणोत्तर वाढलं’ म्हणून झापण्यात काही अर्थ नाही. त्या एका मृत्यूची चौकशी नीट करणं एवढंच हातात उरतं. तीही दोष न चिकटवता, नाहीतर पुढचा मृत्यू ‘हृदयविकार’ म्हणून नोंदला जातो. गर्भपातानंतर ४२ दिवसांतले मृत्यू सगळ्यात जास्त निसटतात, कारण घरात कोणी ‘दिवस होते’ असं सांगत नाही. आणि गर्भनिरोधनाची ‘अपूर्ण गरज’ या आकड्याचा छेद काढून दाखव: त्यात फक्त सध्या विवाहित बायका येतात, आणि नसबंदी झालेली बाई पस्तावली असली तरी तिची गरज ‘पूर्ण’ धरली जाते.

सतरा वर्षांच्या मुलीचं कोडं शेवटाकडे ठेव. मित्राबरोबर संबंध, आठ आठवडे. पॉक्सोप्रमाणे (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याप्रमाणे) कलम १९ खाली पोलिसांना कळवणं बंधनकारक, नाही कळवलं तर शिक्षा. मुलगी म्हणते पोलीस नकोत, आणि तिथून उठून भोंदूकडे जाते. २०२२ च्या निकालाने एक वाट काढली आहे: मुलगी आणि पालक यांनी विनंती केली तर डॉक्टरने कळवताना तिचं नाव-पत्ता उघड करायची गरज नाही. आणि कायद्यातला ‘पालक’ म्हणजे आईबापच नव्हे, तिची काळजी वाहणारी व्यक्ती. मावशी, वसतिगृहाची अधीक्षिकाही असू शकते. या बारकाव्याने एखादी मुलगी वाचू शकते.

‘गर्भपात योग्य की अयोग्य’ असा वादविवाद मात्र घेऊ नकोस. बोलके चारजण भांडतात, बाकीचे गप्प, आणि वर्गात ज्या मुलीने तो अनुभव घेतला असेल तिला तासभर भिंतीकडे बघत बसावं लागतं. स्वतःचे अनुभव सांगा, असंही कधी म्हणू नकोस. प्रश्न चिठ्ठीवर, निनावी, डब्यात. तू पुरुष आहेस म्हणून तर हा डबा हवाच. खाजगी अवयवांची नावं पहिल्या दिवशी तूच सरळ आवाजात घे, प्रमाण मराठीतली आणि गावातलीही, म्हणजे खिदळणं दुसऱ्या दिवशी आपोआप संपतं. क्षेत्रभेटीला एका वेळी दोघांपेक्षा जास्त जणांना बाळंतपणाच्या खोलीत सोडू नकोस, तेही बाईला विचारून, सिस्टरला नव्हे. बाकीच्यांनी बाहेर बसून पडदे मोजावेत, दाराला कडी आहे का बघावं, तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे असते ते विचारावं.

परीक्षेत ‘टीपा लिहा’ नको. एक भरलेलं, काल्पनिक संमतीपत्र दे, त्यात पाच चुका पेरून: नवऱ्याची सही, बाईचा अंगठा पण साक्षीदार नाही, तारीख शस्त्रक्रियेनंतरची, भाषा इंग्रजी, पर्याय समजावल्याचा रकाना कोरा. चुका शोधा आणि प्रत्येक चूक कोणाच्या सोयीची आहे ते लिहा, वीस गुण. फॉर्मचे मराठी नमुने माझ्याकडे आहेत, सोमवारच्या टपालाने पाठवते. रजिस्टरच्या कोऱ्या पानांच्या प्रती मात्र तुझ्या जिल्हा रुग्णालयातूनच आण, रकाने तिथले हवेत.

तुझी,
शैला