त्या सिरपचं नाव मी सांगणार नाही

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

अंडं खाऊन तुझ्या लेकीच्या, छकुलीच्या अंगावर गांधी उठल्या, म्हणून काल फोनवर तू विचारलंस, "आई, लहानपणी मला गांधी उठल्या की कुठलं सिरप द्यायचीस?" मी नाव टाळलं, ते विसरले म्हणून नव्हे. ते दिलं की तू गाढ झोपायचीस आणि मला वाटायचं, पोरीला आराम पडला. अॅलर्जीच्या त्या जुन्या औषधांनी गुंगी येते, तान्ह्या बाळाचा श्वासही मंदावू शकतो, हे मला फार उशिरा कळलं. त्यातलं प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना देऊच नये, असा कडक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ मध्ये दिला. छकुली तर सातच महिन्यांची आहे. डॉक्टर तिचं वजन बघून जे लिहून देतील तेच दे, आणि सिरिंजने मोजून. घरातल्या चमच्याने नको. सर्दीचं औषध चालू असेल तर तेही त्यांना सांग, कारण त्यात बरेचदा अॅलर्जीचं असंच गुंगी आणणारं औषध असतं.

अंगावरचे चट्टे पाहून जीव घाबरतो, पण तू आधी श्वास बघ. घरघर, बरगड्यांखाली पडणारे खळगे, बसलेला आवाज, सुजलेली जीभ, गांधींबरोबर सारख्या उलट्या, किंवा लेकरू एकाएकी फिकट पडून अंग सैल सोडतंय, यातलं काहीही दिसलं तर मला फोन करू नकोस, अँब्युलन्स बोलव. तेव्हा सिरपवर विसंबायचं नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला दिलेलं अॅड्रेनलिनचं इंजेक्शनच उपयोगी पडतं. तोवर तिला आडवं ठेव, खांद्यावर उभं धरू नकोस. उलटी झाली तर कुशीवर वळव. बरी दिसली तरी डॉक्टर सोडेपर्यंत तिथंच थांबा, काही तासांनी त्रास उलटू शकतो.

अंडं सध्या बंदच ठेव. पण धसक्याने बाकीचं सगळं तोडू नकोस, आणि अंगावर पाजतेस म्हणून आपल्या मनाने स्वतःचंही खाणं कमी करू नकोस. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, धोका जास्त असलेल्या ज्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ सुरू केले, त्यांच्यात पाचव्या वर्षी त्याची अॅलर्जी कितीतरी कमी आढळली. छकुलीला कधी आणि कसं द्यायचं ते मात्र डॉक्टरांना विचारूनच. नवा पदार्थ एका वेळी एकच, थोडासा, आणि सकाळी दे, म्हणजे दिवसभर लक्ष राहील.

गांधींचे फोटो काढलेस ना? दवाखान्यात पोचेपर्यंत त्या मावळतात. अंडं किती वाजता भरवलं आणि किती मिनिटांनी गांधी उठल्या, तेही लिहून ने.

तुझी,
आई