प्रसूतीच्या वेळी सोबतीण नाकारल्याबद्दल आणि न विचारता केलेल्या उपचारांबद्दल तक्रार

प्रति,
माननीय व्यवस्थापकीय संचालक,
मुख्य कार्यालय, मुंबई.

विषय : आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील रुग्णालयात पैसे घेऊनही प्रसूतीच्या खोलीत सोबतीण राहू न देणे, पूर्वकल्पना न देता उपचार करणे आणि नवजात बाळाला परस्पर पावडरचे दूध पाजणे, याबाबत.

महोदय,

गेल्या आषाढात आपल्या कंपनीच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील माता व बाल रुग्णालयात माझी पहिली प्रसूती झाली. मुलगी झाली, आम्ही दोघी सुखरूप घरी आलो, आणि ज्या डॉक्टरांनी पहाटे धावत येऊन प्रसूती पार पाडली त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. तरीही हे पत्र लिहीत आहे, कारण जी सेवा आपण छापील पत्रकात कबूल केली आणि जिचे वेगळे पैसे घेतले, ती ऐन वेळी नाकारली गेली. आणि ती नाकारल्यामुळे माझ्या शरीरावर काय केले जात आहे हे मला विचारणारे किंवा सांगणारे त्या रात्री कोणीही उरले नाही. घरी सोडण्याच्या दिवशी बिलाच्या खिडकीवर मी हा विषय काढला तेव्हा ‘बाळ-बाळंतीण ठीक आहेत ना, मग आता कशाला?’ असे उत्तर मिळाले. दोघी सुखरूप असणे ही या सेवेची किमान अट आहे. ती पूर्ण झाली म्हणून बाकी सगळे माफ होते, हे मला मान्य नाही.

माझे माहेर देवगड तालुक्यात आहे. पहिले बाळंतपण माहेरी, या रीतीप्रमाणे ओटी भरून झाल्यावर मी ठाण्याहून गावी आले. काही गुंतागुंत झाली तर इकडच्या बाईला कोल्हापूरला किंवा गोव्यात बांबोळीला न्यावे लागते, आणि भर पावसात करूळ घाटात दरड आली की कोल्हापूरचा जवळचा रस्ता बंद होतो, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ तिघेही एका ठिकाणी मिळतील म्हणून आम्ही आपले रुग्णालय निवडले आणि नॉर्मल प्रसूतीचे ₹६५,००० चे पॅकेज घेतले. त्यात ‘प्रसूती सोबत’ या नावाखाली ₹४,५०० ची स्वतंत्र नोंद आहे. कळा सुरू झाल्यापासून बाळाला पहिल्यांदा पाजेपर्यंत गरोदर स्त्रीच्या पसंतीची एक स्त्री नातेवाईक तिच्याजवळ राहील, असे आपल्या पत्रकात म्हटले आहे. त्याची प्रत सोबत जोडली आहे.

ही सोबतीण म्हणून मी माझ्या आईचे नाव लिहून दिले होते. नवव्या महिन्यात आपल्याच रुग्णालयाने घेतलेल्या वर्गाला ती माझ्याबरोबर आली, कळ आली की कमरेच्या खालच्या हाडावर तळव्याने कसा आणि किती दाब द्यायचा हे तेथील फिजिओथेरपिस्टकडून शिकली आणि घरी रोज माझ्यावर त्याचा सराव करू लागली. माझी आई गावात आशा स्वयंसेविका आहे. गावातल्या कितीतरी पहिलटकरणींबरोबर ती सरकारी दवाखान्यात गेली आहे, रात्रभर त्यांच्या उशाशी बसली आहे. सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण असावी असे केंद्र सरकारने २०१६ सालीच ठरवून दिले, त्या सोबतिणीने काय करायचे आणि कशात हात घालायचा नाही याच्या सूचनाही दिल्या. आईला त्या तोंडपाठ आहेत. जी बाई परक्यांच्या लेकींसाठी आत बसू शकते, तिला पैसे भरलेल्या ठिकाणी स्वतःच्या लेकीजवळ बसू दिले गेले नाही, ही गोष्ट आमच्या घरात अजून कोणाच्या गळी उतरलेली नाही.

रात्री साधारण दहाच्या सुमारास आम्ही पोहोचलो. पाणी गेलेले नव्हते, कळा नियमित होत्या. दाखल करताना कागदांचा एक गठ्ठा पुढे आला, सगळा इंग्रजीत, आणि कळ ओसरेपर्यंतही न थांबता ‘इथे, इथे आणि इथे’ असे दाखवून सह्या घेण्यात आल्या. त्यानंतर मला लेबर रूममध्ये नेले आणि आईला दारातच थांबवले. आधी सांगितले की आत दुसरी पेशंट आहे. दुसऱ्या पेशंटला अर्ध्या तासात शस्त्रक्रियेसाठी हलवले आणि खोलीत मी एकटीच राहिले, तेव्हा कारण बदलले : नातेवाईक आत आले की इन्फेक्शन होते. पुढे आईने पत्रक दाखवले तेव्हा ‘ते डे शिफ्टला असते’ असे सांगण्यात आले. कळा दिवसपाळी बघून येत नाहीत, आणि आपल्या पत्रकात वेळेची अशी कोणतीही अट नाही.

मी पहिलटकरीण. प्रत्येक कळ नवी होती आणि ही एवढी दुखते ते बरोबर आहे की काही बिघडले आहे, हे ठरवायला माझ्याकडे काहीच मोजमाप नव्हते. बेल होती, पण तिची वायर पलंगाच्या डोक्याकडच्या दांडीला दोनदा गुंडाळून वर गाठ मारलेली होती. डाव्या कुशीवर झोपायला सांगितल्यामुळे हात तिथपर्यंत पोहोचत नव्हता, आणि उजव्या हाताला सलाइन होते. मी हाका मारल्या. त्या सिस्टरना ऐकू गेल्या की नाही ते माहीत नाही, पण दारापलीकडून आईचा आवाज आला, ‘मी हंयच आसंय गो बाय, दम घी.’ कंबर दाबायला शिकलेली बाई एका लाकडी दाराच्या पलीकडे बाकावर बसून होती आणि मी पलंगाची दांडी धरून कळा काढत होते. महोदय, वेदना होणारच होत्या. त्या तशा एकटीने काढायला लावण्याला मात्र वैद्यकीय कारण काय होते, ते मला आपल्याकडून लेखी हवे आहे.

मध्यरात्रीनंतर गर्भाशयाचे तोंड किती उघडले आहे याची तपासणी झाली. ‘चारच सेंटिमीटर, फार हळू चाललंय’ असे दोघींमधले बोलणे मी ऐकले, आणि थोड्या वेळाने सलाइनच्या बाटलीत एक इंजेक्शन मिसळले गेले. कसले म्हणून विचारले तर ‘ताकदीचे’ असे उत्तर मिळाले. वीसेक मिनिटांत कळांची तऱ्हाच बदलली. एक कळ उतरायच्या आत दुसरी चढू लागली, मध्ये श्वास घेण्याइतकीही उसंत राहिली नाही. ते कळा वाढवण्याचे ऑक्सिटोसिन होते, हे मला बिलातील औषधांच्या यादीवरून कळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या प्रसूतीविषयक शिफारशी मी नंतर वाचल्या. त्यांत प्रसूतीचा सक्रिय टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरला आहे, त्याआधीच्या टप्प्याला ठरावीक कालमर्यादा नसते असे म्हटले आहे, आणि आई व बाळ ठीक असतील तर केवळ तासाला एक सेंटिमीटरपेक्षा वेग कमी आहे एवढ्याच कारणाने घाई करू नये असेही सांगितले आहे. माझ्या बाबतीत ते औषध देण्याचे दुसरे सबळ कारण असूही शकेल. मी डॉक्टर नाही. पण कारण असेल तर ते मला सांगता आले असते, आणि औषधाचे नावही सांगता आले असते. शिवाय हे औषध चालू असताना बाळाचे ठोके सतत किंवा वरचेवर तपासावे लागतात. मला आठवते त्याप्रमाणे पोटाला ते यंत्र फार कमी वेळा लावले गेले. माझी आठवण चुकीची असेल तर नोंदी दाखवून ती दुरुस्त करावी.

शेवटच्या टप्प्यात जोर करायला सांगितले तेव्हा एका कर्मचाऱ्याने पलंगाशेजारच्या पायरीवर उभे राहून दोन्ही हातांनी माझे पोट वरून खाली दाबले. याच शिफारशींमध्ये असा दाब देऊ नये असे स्पष्ट लिहिले आहे. बाळाची वाट मोठी करण्यासाठी छेद घेतल्याचे मला टाके घालताना समजले. छेदाची गरज होती की तो सगळ्यांनाच घेतात, हा प्रश्न मी दोनदा विचारला आणि दोन्ही वेळा ‘पहिल्या वेळेला घेतातच’ हे उत्तर मिळाले. सरसकट छेद घेण्याची शिफारस आज कोणीही करत नाही. त्या टाक्यांमुळे पुढे बरेच दिवस मला मांडी घालून बसता आले नाही, आणि मांडी घालता येत नाही अशा बाईला बाळ अंगावर घेणे किती अवघड जाते, हे कोणत्याही बाळंतिणीला विचारावे.

आता सर्वांत जिव्हारी लागलेली गोष्ट. मुलगी जन्मल्यावर लगेच रडली. वजन २ किलो ९०० ग्रॅम भरले, बालरोगतज्ज्ञांनी ‘सर्व ठीक’ असा शेरा लिहिला. अशा बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने ठेवावे आणि तासाभरात चिकाचे दूध पाजावे, हे आपल्याच वर्गात फळ्यावर लिहून शिकवले होते. प्रत्यक्षात तिला मला एकदा लांबून दाखवले आणि गुंडाळून नेले. टाके घालून होईपर्यंत आणि त्यानंतरही बराच वेळ ती माझ्याजवळ नव्हती. जवळ आणली तेव्हा झोपलेली होती, कारण तिला पावडरचे दूध पाजून झाले होते. मला विचारले नाही, दारात बसलेल्या आईलाही विचारले नाही. त्यानंतर दोन दिवस ती नीट ओढत नव्हती, आणि ‘तुम्हाला दूधच नाही’ हे वाक्य मला आपल्या वॉर्डात वारंवार ऐकवण्यात आले. गावी आल्यावर आईने रात्रंदिवस बाळाला अंगावर घ्यायला लावले, पेज आणि अळिवाची खीर देत राहिली, आणि पुरेसे दूध आले. घरी सोडताना दिलेल्या पिशवीत त्याच पावडरचे एक लहान पाकीट निघाले. शिशुआहार आणि दूधपर्यायांविषयीच्या १९९२ च्या कायद्यानुसार, जो २००३ साली अधिक कडक करण्यात आला, अशा पावडरीचे नमुने वाटण्यास आणि तिचा प्रचार करण्यास मनाई आहे. ते पाकीट न फोडता मी जपून ठेवले आहे.

या सगळ्या गोष्टी वेगवेगळ्या दिसल्या तरी माझ्या मते त्यांचे मूळ एकच आहे. आई आत असती तर ‘हे कसले इंजेक्शन?’ हा प्रश्न तिने विचारला असता आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहिली असती. बेलची वायर तिने सोडून माझ्या हाताशी दिली असती. बाळाला नेले तेव्हा ती मागोमाग गेली असती आणि पावडरला नाही म्हणाली असती. सोबतिणीची सोय पत्रकात एखाद्या चांगल्या खोलीसारखी, जादा सुख म्हणून मांडलेली आहे. कळांत असलेल्या बाईला स्वतःची बाजू मांडता येत नाही, म्हणून तिच्या बाजूने बोलणारे माणूस तिथे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक स्त्रीसाठी तिच्या पसंतीच्या सोबतीची शिफारस केली आहे, ती याचसाठी.

त्या रात्री कामावर असलेल्या सिस्टरवर कारवाई व्हावी अशी माझी मागणी नाही, हे आवर्जून नमूद करते. एका सिस्टरकडे लेबर रूम आणि बाहेरचा वॉर्ड दोन्ही होते. त्या पळत होत्या. आणि एक मावशी, ज्यांचे ते काम नव्हते, फरशी पुसता पुसता थांबून एका कळेपुरता माझा हात धरून उभ्या राहिल्या. रात्रपाळीला माणसे किती ठेवायची हे आपले कार्यालय ठरवते, त्याचे उत्तरही आपणच द्यायचे आहे.

माझा केसपेपर, कळांचा आणि ठोक्यांचा आलेख, औषधांची नोंद व संमतीपत्रे यांच्या प्रतींसाठी मी शाखेत लेखी अर्ज दिला आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार अशा प्रती ७२ तासांत द्यायच्या असतात. ‘मुंबईहून मंजुरी आलेली नाही’ एवढेच मला आजवर सांगण्यात आले आहे. ती मंजुरी आपण तातडीने द्यावी. सोबतिणीच्या नावाखाली घेतलेले ₹४,५०० आणि बिलात लावलेले पावडरच्या दुधाचे पैसे परत करावेत. इंजेक्शन, छेद आणि पोटावरचा दाब यांचे कारण, ते ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या सहीने, मराठीत लिहून द्यावे. यापुढे सोबतिणीला बाहेर काढायचे झाल्यास त्याचे कारण आणि वेळ केसपेपरवर नोंदवली जाईल, संमतीपत्रे मराठीत असतील आणि ती कळा सुरू होण्याआधी, नाव नोंदवतानाच समजावून दिली जातील, असा लेखी आदेश आपल्या सर्व शाखांना काढावा आणि त्याची प्रत मला पाठवावी. संमती म्हणजे समजून दिलेली संमती, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात सांगितले आहे. रुग्णहक्कांची जी सनद आपल्या स्वागतकक्षाच्या भिंतीवर काचेत लावली आहे, तिच्यातही तेच लिहिले आहे.

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे १९९५ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ठरलेले आहे. दुधाच्या पाकिटाविषयीची तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे स्वतंत्रपणे देत आहे. आमच्या वाडीतल्या आणखी दोघींनी आपल्याकडे नावे नोंदवली आहेत आणि त्यांतल्या एकीचे दिवस पुढच्याच महिन्यात भरत आहेत. तेव्हा सोबतिणीविषयीचा आदेश तरी मला द्यायच्या उत्तराची वाट न पाहता आधी काढावा, ही विनंती.

आपली,
तक्रारदार
(पूर्ण नाव, पत्ता व रुग्ण नोंदणी क्रमांक टपालाने पाठवलेल्या मूळ प्रतीवर आहेत.)
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग

सोबत : पॅकेजचे पत्रक, बिल, डिस्चार्ज कार्ड, नोंदींसाठी दिलेल्या अर्जाची पोच आणि दुधाच्या पाकिटाचे छायाचित्र.