रोबो नव्हे, सर्जनचा अनुभव विचारा

'रोबो शस्त्रक्रिया करतो' ही जाहिरातबाजी दिशाभूल करणारी आहे. यंत्र आपणहून एक टाकाही घालत नाही. सर्जन काही फुटांवर कन्सोलशी, म्हणजे पडदा नि हातांची नियंत्रणे असलेल्या मेजाशी बसून, जेमतेम ८ मिलिमीटरच्या छिद्रांतून आत गेलेली अवजारे हलवतो. प्रोस्टेटसारख्या अडचणीच्या जागी मनगटासारखी वळणारी ही अवजारे खरोखर कामाची. साध्या पित्ताशयाला मात्र नेहमीची दुर्बीण बहुधा पुरते. बहुतेक यंत्रांत टाक्याच्या धाग्यावरचा ताण सर्जनच्या हाताला जाणवत नाही, नजरेनेच ओळखावी लागते. नवख्याच्या हातून मग धागा तुटतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात तर, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, दुर्बीण वा रोबोने गर्भाशय काढलेल्या स्त्रियांमध्ये आजार उलटण्याचे प्रमाण पोट उघडून केलेल्यांपेक्षा जास्त निघाले. म्हणून संमतिपत्रावर सही करण्याआधी सर्जनला विचारावे: हीच शस्त्रक्रिया रोबोने किती केल्यात? त्यांत ऐनवेळी पोट किती वेळा उघडावे लागले? शिवाय पॉलिसीतली उपमर्यादा वाचावी. रोबोटिक शस्त्रक्रिया आता आरोग्य विम्यात येते, पण रकमेला कंपनी मर्यादा घालू शकते. अवजारे ठरावीक वापरांनंतर टाकून द्यावी लागतात. तो खर्चही बिलात उतरतो, आधी लेखी घ्यावा.

– एक वाचक, पुणे