गुंतागुंतीच्या आजारांच्या मुलांसाठी एक जबाबदार माणूस नेमा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: एकाच वेळी अनेक गंभीर आजार असलेल्या मुलांच्या उपचारांसाठी नागपुरात समन्वयक नेमण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

विदर्भातून आपल्याकडे जाणारी आरोग्यविषयक निवेदने बहुधा डॉक्टर नाहीत, औषधे नाहीत, यंत्र बंद आहे, अशा तक्रारींची असतात आणि त्या तक्रारी खऱ्याही असतात. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. मी ज्या मुलांविषयी लिहीत आहे, त्यांना लागणारे बरेचसे तज्ज्ञ नागपुरात आहेत. 1947 पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आमचे मेडिकल आहे, त्याला जोडलेले सुपर स्पेशालिटी रुग्णालय (सुपर) आहे, मेयो आणि डागा ही सरकारी रुग्णालये आहेत, शहरालगतच्या मिहान प्रकल्पात एम्स उभे राहिले आहे. मात्र या सर्वांनी मिळून एका मुलाचे नेमके काय करायचे, हे पाहण्याची जबाबदारी यांच्यापैकी कोणावरही सोपवलेली नाही.

ही मुले कोण, ते आधी सांगतो. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर नियंत्रण नसणे) आहे, फिट येतात आणि धड गिळता येत नाही, असे मूल. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे लहानपणीच पक्षाघात होऊन गेलेले, त्यामुळे नियमित रक्त घ्यावे लागणारे आणि त्या रक्तातून शरीरात साठणारे लोह काढण्यासाठी पुन्हा वेगळी औषधे लागणारे मूल. डाऊन सिंड्रोमसोबत हृदयदोष आणि थायरॉइडचा त्रास असलेले मूल. अशा मुलाला चार-पाच विभागांत दाखवावे लागते. प्रत्येक विभागाचा ओपीडीचा वार वेगळा, कार्डाची रांग वेगळी. कुही किंवा सिरोंचाहून येणाऱ्या आईला एकाच आठवड्यात दोनदा यायला सांगणारा डॉक्टर निर्दयी नसतो. दुसऱ्या विभागाने तिला कोणता वार दिला आहे, हे त्याला कळायला काही मार्गच नसतो.

समन्वय नसण्याची किंमत केवळ बसभाड्यात मोजली जात नाही. माझ्या मुलाचे झटके व्हॅल्प्रोएट या औषधाने बऱ्याच काळापासून आटोक्यात होते. न्यूमोनियासाठी त्याला एका रुग्णालयात दाखल केले, तेव्हा त्याला मेरोपेनेम हे प्रतिजैविक देण्यात आले. मेरोपेनेममुळे रक्तातील व्हॅल्प्रोएटचे प्रमाण झपाट्याने घसरते, ही औषधशास्त्रातील सर्वज्ञात गोष्ट आहे. पण मेंदूविकारतज्ज्ञांची चिठ्ठी दुसऱ्या रुग्णालयाच्या फाइलमध्ये होती आणि रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरांसमोर फक्त छातीचा एक्स-रे होता. थांबलेले झटके पुन्हा सुरू झाले. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. मुलाची औषधे, त्याची ॲलर्जी, त्याला काय चालते आणि काय चालत नाही, हे एका पानावर लिहिलेले असते आणि ते पान अद्ययावत ठेवणे हे कोणाचे तरी काम असते, तर ती रात्र आमच्यावर आली नसती.

आता प्रशासकीय अडचणीकडे येतो, कारण खरी गाठ तिथेच आहे. डागा आपल्या विभागाकडे, मेडिकल, मेयो आणि सुपर वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, एम्स केंद्राकडे, शहरातील नागरी आरोग्य केंद्रे महापालिकेकडे. यूडीआयडी या दिव्यांगत्वाच्या ओळखपत्रासाठी दिव्यांग कल्याण विभाग, अंगणवाडीसाठी महिला व बालविकास, शाळेसाठी शालेय शिक्षण. मूल एक आणि त्याचे पालकत्व इतक्या खात्यांत वाटलेले, त्यामुळे प्रत्येक खाते आपल्या वाट्याचे काम नियमानुसार करते आणि मूल मात्र मधल्या फटीत पडते.

योजनांची उणीव आहे, असेही म्हणता येणार नाही. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन मुले तपासतात आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. 2023 पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम चालू आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे आणि योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात. पण तपासणी पथकाचे काम मूल शोधून पुढे पाठवण्याचे, आरोग्यमित्राचे काम त्या रुग्णालयातील त्या दाव्यापुरते. शिवाय जन आरोग्य योजना प्रामुख्याने दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे; या मुलांचे आयुष्य मात्र ओपीडी, फिजिओथेरपी आणि घरच्या शुश्रूषेवर चालते. आरोग्याच्या नोंदी जोडणारा चौदा अंकी आभा क्रमांकही आम्ही काढला. त्यासाठी तो उपयोगी पडेलही, पण क्रमांक स्वतः उठून दुसऱ्या विभागाला फोन करत नाही.

म्हणून मागणी अशी की, नागपुरात अशा प्रत्येक मुलामागे एक नावानिशी ठरलेला समन्वयक असावा. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. अनुभवी परिचारिका किंवा सरकारी रुग्णालयांत आजही असलेले समाजसेवा अधीक्षक हे काम करू शकतील, मात्र ते अतिरिक्त कार्यभार म्हणून गळ्यात मारलेले नसावे. मुलाचे एक पानी टिपण सांभाळणे, शक्य तेवढ्या तपासण्या एकाच दिवशी लावून घेणे, सुट्टी देण्यापूर्वी गावाजवळच्या ग्रामीण रुग्णालयाला आणि आशाताईंना पुढचे सारे समजावून देणे, आणि पालकांना अडचणीच्या वेळी ज्यावर माणूस बोलेल असा एक दूरध्वनी क्रमांक देणे, एवढे त्यांनी करावे. या पदाला अधिकार हवा, हे मी मुद्दाम लिहितो. कारण एका विभागाच्या समन्वयकाला दुसऱ्या विभागाच्या रुग्णालयात वेळ मागण्याचा हक्कच नसेल, तर तो आमच्याबरोबर रांगेत उभा राहणारा आणखी एक माणूस ठरेल. त्यासाठी सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण या दोन्ही विभागांचा संयुक्त शासन निर्णय आणि एम्सशी सामंजस्य करार आवश्यक आहे.

ही कल्पना जगावेगळी नाही. अमेरिकेत 2019 मध्ये झालेल्या कायद्याने नेमक्या अशाच मुलांच्या उपचारांचे समन्वयन मेडिकेड या सरकारी योजनेतून करण्याची मुभा राज्यांना दिली आणि ऑक्टोबर 2022 पासून ती लागू झाली. त्यांचा पैसा आणि त्यांची विमापद्धती आपल्याकडे नाही, हे मान्य आहे. परंतु समन्वय हेही उपचारांतलेच काम आहे आणि त्यासाठी वेगळा खर्च करावा लागतो, एवढे त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे.

दुर्मीळ आजारांच्या कुटुंबांची स्थिती तर अधिक बिकट आहे. 2021 च्या राष्ट्रीय धोरणानुसार मिळणारे, पन्नास लाखांपर्यंतचे साहाय्य मान्यताप्राप्त उत्कृष्टता केंद्रामार्फत मिळते, आणि राज्यातील असे केंद्र म्हणजे मुंबईचे केईएम रुग्णालय. आठशेहून अधिक किलोमीटर अंतरावरच्या केंद्राकडे कोणते कागद, कोणत्या क्रमाने न्यायचे, हे नागपुरातच कोणी नीट सांगितले, तर श्वासाचा त्रास असलेले मूल घेऊन केलेली एखादी खेप तरी वाचेल.

वयाचा प्रश्नही याच पदाशी जोडलेला आहे. बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षी संपतो. बालरोग विभागाने अनेक वर्षे सांभाळलेला सिकलसेलचा मुलगा एक दिवस मोठ्यांच्या मेडिसिन ओपीडीत अनोळखी रुग्ण म्हणून उभा राहतो. त्याच सुमारास बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकांना राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो, याची अनेकांना कल्पनाही नसते. ही तयारी निदान दोन वर्षे आधी सुरू व्हायला हवी.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात याल, तेव्हा वैद्यकीय शिक्षण मंत्री, महापालिका आयुक्त, दिव्यांग कल्याण विभागाचे अधिकारी आणि एम्सचे संचालक यांची पालकांसह एक संयुक्त बैठक बोलवावी, ही विनंती आहे. एम्सशी करार होण्यास वेळ लागणार असेल, तर मेडिकल, सुपर, मेयो आणि डागा यांच्यापासून सुरुवात करता येईल. ही चारही रुग्णालये राज्य शासनाचीच असल्याने तेवढ्या आदेशासाठी दिल्लीच्या परवानगीची वाट पाहावी लागणार नाही.

आपला,
एक पालक, नागपूर