डबल बेल मिळाल्याशिवाय पाय टाकायचा नाही

अमळनेर,
रविवार, दुपार

प्रिय बाळू,

परवा फोनवर तू "म्हातारा-म्हातारीला घेऊन लक्षद्वीप? डोकं ठिकाणावर आहे ना?" एवढंच विचारलंस आणि लोकल आली म्हणून फोन ठेवून दिलास. डोकं ठिकाणावर आहे की नाही ते पत्र वाचून तूच ठरव. तुझ्याकडे एक कामही आहे, पण ते शेवटी. आधी सांगितलं तर बाकीचं तू वाचणार नाहीस.

झालं असं, की नानांना ऐंशी पूर्ण होऊन एक्याऐंशीवं लागलं. म्हणजे सहस्रचंद्रदर्शन आलं. ताईने आणि मी हॉल बघितला, आचाऱ्याशी वरण-बट्टीचं आणि घोटलेल्या वांग्यांचं बोलणंसुद्धा झालं. नाना सगळं ऐकून घेत होते. मग म्हणाले, "वरण-बट्टी मी जलमभर लोकांच्या पंगतीत खाल्ली. माले समिंदर दखाडा." एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस. अख्खा खान्देश पायाखालून घातलेला, पण समुद्र बघितला एकदाच, युनियनच्या मोर्चाला मुंबईला गेले तेव्हा चौपाटीवर. तोही नेमका ओहोटीचा. "पानी लांब व्हतं," असं अजून सांगतात. मी म्हटलं, चला, हजारावा चंद्र समुद्रावरच दाखवू. म्हणून पौष पौर्णिमेला लागून असलेली जहाजाची फेरी धरली. संध्याकाळी मुंबईहून निघायचं, दुसरा दिवस नुसतं पाणी, तिसऱ्या दिवशी सकाळी अगत्ती बेट. सरळ दक्षिणेला नऊशेक किलोमीटर. बेटावर एकच दिवस, की पुन्हा जहाजात.

माणसं नऊ. नाना, माय, आम्ही दोघं, आमचा इंजिनिअरिंगवाला, ताई आणि दाजी, त्यांची नववीतली पोरगी आणि चार वर्षांचं शेंडेफळ. या शेंडेफळाला तू पाहिलेलं नाहीस, ते एक बरं आहे.

तिकिटं ज्याच्याकडून काढली त्याने छातीठोक सांगितलं होतं की जहाज थेट बेटाला लागतं, म्हातारी माणसं आरामात चालत उतरतात. पैसे भरले, मग कागद हातात आला, आणि त्यात लिहिलेलं की जहाज खोल पाण्यात नांगर टाकून उभं राहणार आणि बेटावर लहान होडीतून जायचं. आता विचार केला तर ते उघडच आहे. ही बेटं प्रवाळाची. भोवती प्रवाळाचा कडा, आत उथळ हिरवं-निळं पाणी, त्याला लगून म्हणतात. एवढं मोठं जहाज तिथे शिरणार कुठून? जहाजाच्या पोटात पाण्यालगत एक दार असतं, तिथून खाली हलणाऱ्या होडीत पाय टाकायचा. जाताना एकदा, येताना एकदा. सगळी सहल या दोन पावलांवर अडकलेली, आणि मायचे गुडघे तुला माहीत आहेत.

मग मी वाचायला बसलो. लक्षद्वीपची बेटं 36, माणसं राहतात त्यातल्या 10 वर, आणि सगळी जमीन मिळून 32 चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्याकडची तीन-चार मोठ्या गावांची शिवारं! अगत्ती सातेक किलोमीटर लांब आणि पडवळासारखं अरुंद. दक्षिणेच्या टोकाला विमानाची धावपट्टी, पश्चिमेला लगून. डोंगर नाही, नदी नाही. मायचा पहिला प्रश्न, "मंग पेवाले पानी कथाईन येस?" प्रश्न रास्त आहे. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, विहिरीत तेच येतं. जास्त उपसलं की खारं. आपल्या केळीवाल्यांना हे सांगायला हवं. पोराने पुढची माहिती काढली. अगत्तीला 2011 पासून समुद्राचं पाणी गोड करायचा प्रकल्प आहे, दिवसाला एक लाख लिटरचा. वरच्या कोमट पाण्याची हवेचा दाब कमी करून वाफ करायची आणि खोल समुद्रातलं थंड पाणी वर ओढून त्या वाफेला गार करायचं. नाना म्हणाले, "म्हंजे दारूच्या भट्टीसारखंच." पोरगा हसला, पण तत्त्व तेच की रे. दाजींनी लगेच कान टवकारले, तेव्हा त्यांना सांगून टाकलं की बेटावर दारूबंदी आहे.

बेटावर जायला सरकारी परवाना लागतो. तो जहाजवाले काढणार आहेत, आधारच्या प्रती आणि फोटो देऊन झाले. प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा उचलून आणायचा नाही, वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. ही सूचना शेंडेफळाला रोज रात्री देतोय, कारण ते जिथे जाईल तिथून खिसे भरून गोटे आणतं.

मग एका रविवारी घरात बैठक. प्रत्येकाने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काय काय करायचं ते लिहायचं. सतरा कलमं निघाली. एकट्या ताईची नऊ, त्यात सायकलीवरून बेटाला चक्कर आणि "सूर्यास्त". सूर्यास्ताला आपण जहाजावर असणार, शेवटची होडी चारला सुटते, हे तिच्या गावीही नाही. मी हिशेब मांडून दाखवला. जहाज आठला नांगर टाकणार. होडीचा नंबर लागून नऊ जणं किनाऱ्याला लागेपर्यंत साडेनऊ. परत जायला रांग दोनपासूनच लागणार. मध्ये जेवण. हातात उरतात चार तास, आणि तेही भर उन्हाचे. जानेवारी असला तरी बेट आपल्यापेक्षा दहा अंश दक्षिणेला, तिथलं ऊन आपल्याकडच्या शिवरात्रीच्या सुमाराचं. वर पांढरी वाळू डोळ्यांवर येणार. पंचेचाळीस डिग्री सोसणाऱ्या भुसावळकडच्या माणसाला ते काहीच नाही असं दाजी म्हणाले. ते धुळ्याचे आहेत.

सतरातलं एकच कलम ठेवलं जे नऊ जणं मिळून करतील, ते म्हणजे काचेच्या तळाची होडी. बसल्या जागी खाली प्रवाळ, मासे दिसतात, आणि नशीब असेल तर हिरवं कासव. अगत्तीच्या लगूनमध्ये ती समुद्री गवत चरायला येतात. चरायला, गाईसारखी! मायला हे फार आवडलं. बाकी ज्याला जे करायचं ते. पोरं नळी तोंडात धरून पाण्यात, म्हातारी माणसं माडांच्या सावलीत.

इथवर मी स्वतःवर खूश होतो. तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला, "आणि सावलीत त्यांच्याजवळ कोण बसणार?" भाजी निवडत होती. मी म्हटलं, तू आहेस ना. बाळू, तिने वर बघितलंसुद्धा नाही. "म्हणजे मी नऊशे किलोमीटरवर जाऊन पण औषधाची पिशवी धरून बसू? इथं काय वाईट आहे मग?" सगळी बैठक गप्प. खरं सांगतो, सतरा कलमांत तिचं एकही नव्हतं, आणि तोपर्यंत ते कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. मग पाळ्या लावल्या. पहिला तास मी, दुसरा दाजी, तिसरा ताई, चौथा आमचा पोरगा. हिला एकही पाळी नाही. शेंडेफळाची राखण म्हाताऱ्यांना द्यायची नाही, हा नियम. तुम्ही कधी असं काही काढलंत तर जागा बघण्याआधी पाळ्या लावा. वहिनी दुवा देतील.

आता मुख्य गोष्ट. मागच्या आठवड्यात मुक्ताईच्या दर्शनाला गेलो होतो, तिथून पुढे चांगदेवला. तापी-पूर्णेचा संगम, हतनूर धरणाचं पाणी मागे फुगलेलं, घाटाच्या पायऱ्या अर्ध्या बुडालेल्या. मी मुद्दाम तालीम करायची ठरवून गेलो होतो. नावाड्याला म्हटलं, फिरवू नकोस, फक्त चढव आणि उतरव, पैसे फेरीचे घे. तो माझ्याकडे बघत राहिला.

मायचा नंबर पहिला. मी एक हात, पोराने दुसरा धरला, तर म्हणाली सोडा. चपला काढून पिशवीत घातल्या, कारण पायरीवर गाळ होता. लुगड्याचा काष्टा खोचला, पायरीच्या कडेला बूड टेकलं, होडी वर आली तशी फळीवर सरकली आणि पाय मागून आत घेतले. बैलगाडीत चढायची तशी. शांतपणे बसून आमच्याकडे बघत होती, काय एवढं!

मग नाना. त्यांना धरायचं कोणाच्या मनातच आलं नाही, चालत्या गाडीच्या पायरीवर आयुष्य गेलेला माणूस. नावाडी डाव्या बाजूला होता. तो "आता!" म्हणाला, आणि नानांचा डावा कान बंद आहे हे आम्ही सगळे विसरलो. त्यांनी त्याचे ओठ हललेले बघितले, मग पाय टाकला, तोवर होडी वीतभर खाली गेलेली. पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात. मी दंड धरला म्हणून माणूस हाताशी राहिला. चष्मा मात्र तापीमाईला वाहिला. घाटावर कोणी काही बोलेना. नाना ओलं धोतर पिळत बसले. महिनाभर आम्ही मायच्या गुडघ्यांची चिंता वाहत होतो, आणि पाय घसरला नानांचा.

तोड शेवटी आमच्या पोराने काढली. म्हणाला, नाना, बस सोडताना तुम्ही काय करायचा? "डबल बेल." मग मी तुमच्या उजव्या खांद्यावर दोन टपल्या मारणार. एक मारली तर थांबा, दोन मारल्या की पाय टाका. नाना उठले. चार वेळा चढले, चार वेळा उतरले. पाचव्यांदा नावाड्यालाच समजावून सांगत होते की एका बेलवर गाडी हलवायची नसते. जहाजावर खलाशी दोन्ही दंड धरतातच, पण खांद्याजवळ घरचा माणूस उभा राहणार, आणि तो उजवीकडूनच. नव्या चष्म्याला दोरी लावली आहे.

घरी आल्यावर नानांनी वेळापत्रक केलं. अगत्ती आगमन 9.30, प्रस्थान 2.00. दोघं म्हातारे शेवटच्या होडीची वाट बघणार नाहीत, दाजींबरोबर आधीच्या होडीने परत. लघवीसाठी दर तासाला "विनंती थांबा". मळमळीची गोळी डॉक्टरांनी नानांना नको सांगितली, प्रोस्टेट असल्यावर त्या गोळीने लघवी अडते म्हणे. त्यांच्यासाठी आलेपाक. मायने गोळी होडीत बसायच्या तासभर आधी घ्यायची, उलटी झाल्यावर घेऊन काही होत नाही. बीपीच्या गोळ्या गळ्यातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाहीत.

एका मुद्द्यावर मी हरलो. जहाजावर बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत. हे मायला चार दिवस समजावतोय. ती म्हणते, "दशम्या काय बाहेरनं खानं शे का? घरनं शे." याला काय उत्तर देणार? शेवटी तडजोड अशी, की दशम्या, ठेचा आणि कळण्याच्या भाकरी मुंबईपर्यंतच येतील.

आणि तिथे तू येतोस. निघायच्या आदल्या दिवशी पहाटे आम्ही बोरिवलीला उतरू. तो दिवस आणि ती रात्र नऊ जणं तुझ्याकडे. दुसऱ्या दिवशी दुपारी बॅलार्ड पियरला जायला दोन गाड्या बघून ठेव. मायला खाली बसता येत नाही, तेव्हा तुझ्याकडे कमोड आहे का आणि लिफ्ट दुरुस्त झाली का, तेवढं कळव. पोरं गॅलरीत झोपतील. वहिनींना सांग, स्वयंपाक करायचा नाही, वीस माणसांच्या दशम्या येत आहेत, संपवायला शेजारी बोलावून ठेवा.

तुझा,
भाऊ

ता. क. नाना आत्ता विचारून गेले, पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट आहे, मग जहाजाचं काय? पूर्ण तिकीट लागलं म्हटल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. आता तिकीट कुठे आहे ते विचारत आहेत, पंच करून मिळतं का बघायला.