दादा, प्रश्न नीट विचारायला शिकवलंस त्याबद्दल

दादा,

नाव घालू नकोस असं तू बजावून सांगितलंयस म्हणून नुसतं दादा. रिपोर्टच्या शेवटी आभार मानलेत त्यात तू 'समुदायातील सहकारी' एवढ्यातच उरकला गेलायस, ते वाचून मला इतकं कसंतरी झालं की म्हटलं निदान इथे तरी नीट लिहावं, कोणी वाचो न वाचो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आमचा अभ्यास गे आणि बायसेक्शुअल पुरुषांमधे एचआयव्ही आणि बाकीचे लैंगिक आजार कसे टाळता येतील याबद्दल होता, म्हणजे कोण कंडोम वापरतं, कोण प्रेपच्या गोळ्या घेतं (एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायच्या गोळ्या), कोण वेळच्या वेळी टेस्ट करतं आणि जे यातलं काहीच करत नाहीत ते का करत नाहीत. मी त्यात आकडेमोड करणारी बाई. दादा टीममधे आला तो आउटरीचसाठी, कागदावर त्याचं काम 'लोकांना सहभागासाठी प्रवृत्त करणे' एवढंच होतं, प्रत्यक्षात त्याने अर्धी प्रश्नावली परत लिहिली. (पहिल्याच भेटीत मी अहो-जाहो केलं तर म्हणाला ते आधी बंद कर, अहो म्हटलं की कोणीतरी मला रागावतंय असं वाटतं. म्हणून अरे-तुरे, गैरसमज नको.)

तर प्रश्नावली. एथिक्स कमिटीतून पास होऊन आलेली, सगळ्या मोठ्या लोकांनी वाचलेली. तू ती चाळलीस आणि पहिलं वाक्य काय, तर "हे भरणारा माणूस खरं बोलेल असं तुम्हाला का वाटतं?" त्यात एक प्रश्न होता, 'तुम्ही संबंधांच्या वेळी नेहमी कंडोम वापरता का, हो / नाही'. तू म्हणालास, अगं नेहमी काय असतं, ओळखीचा असला तर वेगळं, प्यायलेला असला तर वेगळं, समोरचा आवडला असला तर अजून वेगळं, आणि 'नेहमी' वाचलं की माणसाला परीक्षेला बसल्यासारखं होतं, तो हो वर टिक करतो आणि पुढे जातो. त्यापेक्षा सगळ्यात शेवटच्या वेळेबद्दल विचार. कोण होता, आधी ओळख होती का, टेस्टबद्दल बोलणं झालं का, कंडोम होता का, नसला तर का नव्हता. एकाच प्रसंगाबद्दल विचारलं की माणूस आठवून सांगतो. आता हे संशोधनाच्या पुस्तकांतही आहे, शेवटच्या प्रसंगाबद्दल विचारावं म्हणून, पण तू पुस्तकातून नाही सांगितलंस आणि म्हणूनच बहुतेक ते सगळ्यांना पटलं.

आणि लग्नाचा रकाना! फॉर्ममधे 'विवाहित' वर टिक केलं की पुढचे प्रश्न आपोआप बायकोबद्दलचे यायचे आणि पुरुष जोडीदारांचं पूर्ण पान गाळलं जायचं. सॉफ्टवेअरला वाटत होतं की लग्न झालंय म्हणजे विषय संपला. तू ती उडी काढायला लावलीस, सगळ्यांना सगळं विचारा म्हणालास. त्या एका बदलामुळे जे बायसेक्शुअल पुरुष आपल्याला दिसले ते एरवी कुठल्याच आकड्यात आले नसते. मला याचा खूप राग आहे तसाही, किती पेपर्समधे 'गे आणि बायसेक्शुअल पुरुष' असं मथळ्यात लिहितात आणि आत टेबलात दोघांना एकाच गठ्ठ्यात बांधून टाकतात, बायसेक्शुअल लोकांचा वेगळा आकडा कुठे मिळतच नाही. तू म्हणायचास, ज्याचं घरी वेगळं आयुष्य चालू आहे तो पार्टीला येत नाही, ग्रुपमधे नसतो, क्लिनिकच्या दारावर रंगीत झेंडा असेल तर रस्ता ओलांडून पलीकडनं जातो, मग तुम्ही झेंड्याखाली बसून त्याला शोधणार कसे.

म्हणून मग आपण कूपनवर गेलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही पद्धत डग्लस हेकेथॉर्न नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९९७ मधे मांडली, ज्या लोकांची कुठे यादीच नसते त्यांच्यापर्यंत पोचायला. आधी थोडे लोक निवडायचे, प्रत्येकाला मोजकी कूपनं द्यायची, ती त्याने आपल्या ओळखीच्यांना द्यायची, मग त्यांनी पुढे. कोणी कोणाला आणलं आणि कोणाची ओळख किती मोठी याची नोंद ठेवली की नंतर हिशोबात वजनं लावता येतात, नाहीतर ज्याचे मित्र जास्त त्याच्यासारखेच लोक जास्त भरतात. वजनांचं मी बघितलं. पण पहिले थोडे लोक कोण घ्यायचे हे कुठलंही सूत्र सांगत नाही, ते तू सांगितलंस. बोलघेवडे, सगळ्यांना माहीत असलेले असे सोडून तू एक अगदी गप्प बसणारा माणूस निवडलास, मला तेव्हा कळलंच नाही का. त्याच्याकडून जी साखळी सुरू झाली ती सगळ्यात लांब गेली आणि त्यात सगळी अशी माणसं जी आधी कधीच कुठल्या अभ्यासात आली नव्हती.

आता गोळ्यांच्या प्रश्नाबद्दल, कारण तो माझा आवडता किस्सा आहे. आयप्रेक्स नावाचा अभ्यास झाला होता, २०१० मधे निष्कर्ष आले, सहा देशांतले २,४९९ जण, पुरुष आणि ट्रान्स स्त्रिया. प्रेपची गोळी रोज दिलेल्या गटात एचआयव्हीची लागण ४४% कमी झाली. आता ४४ हा आकडा ऐकायला काही फार नाही, त्यावरून बरेच जण तेव्हा म्हणालेही की गोळीत दम नाही. पण विचारलं तर बहुतेक जण सांगत होते की गोळ्या घेतोय, आणि रक्त तपासलं तर? नमुने तपासलेल्यांपैकी ज्यांना लागण झाली नाही त्यांच्यात जेमतेम निम्म्यांच्या रक्तात औषध सापडलं, आणि ज्यांना लागण झाली त्यांच्यात फक्त ९% जणांच्या. ज्यांच्या रक्तात खरंच औषध होतं त्यांचा धोका नव्वद टक्क्यांहून जास्त कमी झालेला होता. म्हणजे गोळी चांगलीच होती, ती पोटात जात नव्हती, आणि हे कोणी तोंडाने सांगत नव्हतं.

मी हे तुला सांगितलं तेव्हा मला वाटलं तू म्हणशील लोक खोटं बोलतात. तू म्हणालास, "समोर बसलेला माणूस एवढा चांगला वागतोय, चहा विचारतोय, त्याला नाही कसं म्हणायचं." आणि मग आपला प्रश्न बदललास. आधी होतं, 'तुम्ही नियमित गोळी घेता का'. तू लिहिलंस, 'गोळ्या चुकतातच, बऱ्याच जणांच्या चुकतात. मागच्या आठवड्यात तुमची कितीदा चुकली?' आधीच चुकण्याची परवानगी देऊन टाकलीस. आणि त्याच्या खाली अजून एक, 'गोळ्यांची बाटली कुठे ठेवता?' हा प्रश्न आमच्यातल्या एकालाही सुचला नसता. उत्तरं वाचून मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले होते. गाडीच्या डिकीत, ऑफिसच्या ड्रॉवरमधे, मित्राकडे, व्हिटॅमिनच्या रिकाम्या डबीत. ज्याची बाटली मित्राकडे आहे त्याची गोळी चुकणार नाही तर काय होणार, त्याला 'गोळ्या वेळेवर घ्या' असं पोस्टर दाखवून काय उपयोग! २०२४ मधे एचआयव्ही टाळणाऱ्या लेनाकापाविरच्या इंजेक्शनचे निकाल आले, सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं, परपज-२ नावाच्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१७९ जणांपैकी फक्त दोघांना लागण झाली, तेव्हा सगळे त्या दोनबद्दल बोलत होते आणि तुझी प्रतिक्रिया होती, "चला, लपवायला बाटली नाही."

स्वॅबचं पण सांगायला हवं, जरा अवघड विषय आहे पण आता अवघड काय राहिलंय. गनोरिया आणि क्लॅमिडिया हे लैंगिक आजार घशात आणि गुदद्वारात असू शकतात, बऱ्याचदा काही त्रासच होत नाही, आणि फक्त लघवी तपासली तर ही लागण सुटून जाते. म्हणून तिन्ही ठिकाणची तपासणी करायची होती. डॉक्टरसमोर कपडे काढायचे म्हटल्यावर निम्मे लोक परत जातील हे तू आधीच सांगितलंस. स्वतः घेतलेला स्वॅब डॉक्टरने घेतलेल्या इतकाच भरवशाचा असतो हे अभ्यासांतून माहीत आहेच, फक्त सूचनांचा कागद असा होता की वाचून घाम फुटावा. तू तो फेकून दिलास, स्वतः चित्रं काढलीस (बरी काढतोस तू, खरंच) आणि बाथरूमच्या दाराला आतून लावलीस. दाराला आतून, म्हणजे कोणाच्या हातात कागद देऊन त्याला लाजवायला नको. एवढं बारीक कोण बघतं?

एका गोष्टीवर मात्र तू भडकला होतास आणि मला ते बघून बरं वाटलं होतं. एचआयव्ही पॉझिटिव्ह असलेल्यांसाठीच्या पानावर एकच सूर होता, तुम्ही इतरांना लागण होऊ नये म्हणून काय करता, काय करता, काय करता. तू म्हणालास याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून प्रश्न विचारायचे असतील तर मी एकालाही आणणार नाही. मग ते पान बदललं, औषधं मिळतात का, व्हायरल लोड (म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते) शेवटचा कधी तपासला, तपासणीला जाताना काय अडचण येते असं विचारलं. आणि तुझ्या आग्रहामुळे मुलाखतीनंतर प्रत्येकाला पार्टनर नावाच्या अभ्यासाबद्दल सांगायचं ठरलं. त्याचा दुसरा टप्पा २०१९ मधे छापून आला, ७८२ गे जोडपी, एक जण पॉझिटिव्ह आणि औषधांवर, व्हायरल लोड दबलेला, दुसरा निगेटिव्ह, कंडोमशिवाय सुमारे ७६,००० वेळा संबंध, आणि जोडीदाराकडून जोडीदाराला लागण शून्य. काही जणांना नवीन लागण झाली होती पण विषाणूची जनुकं तपासल्यावर ती बाहेरून आलेली निघाली. एक माणूस हे ऐकून तुला म्हणाला की मी इतकी वर्षं औषध घेतोय, हे मला कोणी सांगितलं कसं नाही. ते उत्तर आपल्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं, तू ते समासात पेनाने लिहून ठेवलंस.

डॉक्सीपेपवरून आपलं वाजलं होतं ते पण आठवतं. संबंधांनंतर ७२ तासांच्या आत डॉक्सीसायक्लिनचे २०० मिलिग्रॅम घेतले तर सिफिलिस आणि क्लॅमिडिया बरेच कमी होतात, गनोरियाचा मात्र तेवढा भरवसा नाही, आणि अँटिबायोटिक्स सर्रास घेतली की जंतू दाद देईनासे होतात ही काळजी आहेच. माझं म्हणणं माहितीपत्रक छोटं ठेवूया. तू म्हणालास काळजीची बाजू पण सांग, आमच्या लोकांना तेवढी अक्कल आहे. तेच छापलं, आणि लोकांनी त्यावरच सगळ्यात हुशार प्रश्न विचारले.

तुला एक सांगायचं राहिलं होतं. तू नेहमी म्हणतोस मी कुठे शिकलेला, मी नुसता लोकांना घेऊन येतो. हिपॅटायटिस बीच्या लशीची सुरुवातीची मोठी चाचणी न्यूयॉर्कमधल्या १,०८३ गे पुरुषांवर झाली, १९८० मधे निकाल आले. आज जन्मलेल्या बाळांना ही लस देतात (आताची बनवायची पद्धत वेगळी आहे, पण ती काम करते हे तिथे कळलं) आणि त्या बाळांच्या आईबापांना याचा पत्ताही नसतो. सॅन फ्रान्सिस्कोमधे त्याच सुमाराला हिपॅटायटिससाठी गे पुरुषांचं रक्त घेऊन साठवलं होतं, नंतर त्याच बाटल्यांमधून एचआयव्ही शरीरात किती वर्षं गुपचूप राहतो ते समजलं. १९८३ मधे डेन्व्हरला एड्स झालेल्या माणसांनी उभं राहून सांगितलं की आमच्याबद्दल निर्णय घेताना आम्ही खोलीत असू. पुढच्याच वर्षी अमेरिकेत चार शहरांत मॅक्स नावाचा अभ्यास सुरू झाला, जवळपास पाच हजार पुरुष दर सहा महिन्यांनी रक्त द्यायला आणि प्रश्नांची उत्तरं द्यायला येत राहिले, मित्र मरत असताना येत राहिले. त्यांना कोणीतरी दार उघडून आत घेतलं असणार ना, बसवलं असणार, कुठली उत्तरं चुकीची नसतात हे सांगितलं असणार. त्या माणसांची नावं मला कुठल्या पेपरमधे सापडली नाहीत.

आणि पैशांचं. जे मुलाखती घ्यायचे त्यांना पगार आणि तू, ज्याच्याशिवाय मुलाखतीला कोणी आलंच नसतं, तुला प्रवासखर्च आणि थोडं मानधन, तेही उशिरा. तू कधी बोलला नाहीस, मी बोलते. हे बरोबर नव्हतं.

पुढच्या टप्प्याच्या बजेटमधे तुझं काम मी 'इतर खर्च' मधून काढून पगाराच्या ओळीत घातलंय, प्रश्नावली सल्लागार म्हणून, मंजूर झालं की कळवते. मसुदा तुला मेल केलाय. सिफिलिस निघालं तर आधीच्या जोडीदारांना कसं कळवणार हा भाग मी मुद्दाम कोरा ठेवलाय, ज्यांचा नंबरही माहीत नसतो फक्त अ‍ॅपवरचा फोटो असतो त्यांना कसं कळवतात हे तुलाच माहीत, तो तू लिही. रविवारपर्यंत जमलं तर बरं, नाहीतर मंगळवारी चालेल.